न उघडलेलं इंजिन

गॅरेजांच्या त्या लांबलचक रांगेत सगळे त्यांना तोंडावर 'उस्ताद' म्हणत आणि पाठीमागे 'कान'. "गाडीत आवाज येतोय? मग कानाकडे ने," असं कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अनोळखी माणसाला सांगायचा, तेव्हा त्या बिचाऱ्याला आधी वाटायचं की आपली थट्टा चाललीय. तरी तो यायचा. उस्ताद हातातलं काम बाजूला ठेवायचे, फडक्याला हात पुसायचे आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. टोक जरा वर, जरा खाली, जरा पलीकडे. मग डोळे उघडून एका वाक्यात निकाल द्यायचा, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय," आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं.

या निकालावर अपील नव्हतं. उस्तादांचा एक बाणा होता: आधी सांगायचं, मग उघडायचं. खात्री करायला म्हणून इंजिन कधी उघडायचं नाही. "पोट फाडल्यावर कोणीही सांगेल आत काय झालंय ते," असं ते म्हणत. इतर गॅरेजवाले सुरुवातीला मुद्दाम खोड काढायला त्यांच्याकडे गाड्या पाठवत, मागाहून आपल्याकडे उघडून बघत आणि हात चोळत बसत. पुढे त्यांनी तो नाद सोडला आणि स्वतःच अडलेल्या गाड्या ढकलत आणायला लागले. उस्तादांना शिक्षण बेताचं, रूप त्याहून बेताचं. जे काही होतं ते त्या एका कानात होतं आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा ना.

तर असा हा कान जायला लागला.

पहिल्यांदा ते कळलं बायकोला, आणि तिलाही उशिराच कळलं. नवऱ्यानं आपलं न ऐकणं ही कुठल्याही बायकोला नवलाची गोष्ट नसते, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मग एके दिवशी ती कुकर लावून शेजारी गेली आणि परत येऊन बघते तो घरभर धूर, आणि उस्ताद कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

"अहो, शिट्या ऐकू नाही आल्या?"

"मोजत होतो," उस्ताद म्हणाले.

करपलेला कुकर घासता घासता तिला काय ते उमगलं. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर येऊन बोलायला लागली, पाठमोरे असतील तर आधी खांद्याला हात लावायला लागली. दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही. फक्त एकदा, परगावी दिलेल्या मुलीचा फोन आला आणि उस्तादांनी नेहमीसारखा तो बायकोच्या हातात देऊन "तूच बोल" म्हटलं, तेव्हा तिला राहवलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "पोरगी विचारत होती, बाबा माझ्यावर रागावलेत का. हल्ली माझ्याशी बोलतच नाहीत म्हणे."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? कामात असतात म्हटलं." मग ती जरा जवळ सरकली. "कानात घालायचं यंत्र मिळतं आता. एवढंसं असतं. केसांत दिसतसुद्धा नाही."

उस्तादांनी टकलावरून हात फिरवला. "कोणत्या केसांत?" असं म्हणून ते हसले आणि तिलाही हसू आलं. यंत्राचा विषय तिथेच बुडाला. हसण्यावारी नेण्याची ही कला त्यांना चांगली साधली होती. पण मनातून ते फार घाबरले होते. आंधळ्या शिंप्याकडे कपडे कोण देईल, हा प्रश्न त्यांना जेवतानाही सुटत नव्हता.

गॅरेजात त्यांनी निभावून नेलं होतं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हळूच कानावरून जबड्याच्या हाडावर आली. तिथून आवाज नाही, पण थरथर कळायची. बोटांच्या टोकांना कळायचं, धुराच्या रंगावरून कळायचं, गाडीवाला काय तक्रार करतो ते त्याच्या ओठांवरून बरंचसं कळायचं. आणि अर्ध्या आयुष्याचा अंदाज होताच की. दहातले आठ निकाल अजून बरोबर येत होते. चुकलेल्या दोनांचं खापर त्यांनी खराब तेलावर आणि नकली सुट्या भागांवर फोडलं. रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली होती. ती त्यांना ऐकू येत नव्हती, पण आपण आल्यावर लोक बोलायचे थांबतात हे बघायला काही कान लागत नाहीत.

अशातच एका सकाळी लंब्याचा टेम्पो दारात येऊन थांबला.

लंब्या हा उस्तादांचा पोरवयापासूनचा दोस्त. ताडमाड उंच, बोलायला मऊ. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात पोचवण्यात त्याची हयात गेली होती. टेम्पो घेतला तेव्हाच तो वापरलेला होता आणि त्याचं इंजिन म्हणजे नुसता खुळखुळा होता. उस्ताद तेव्हा कुठले उस्ताद, दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलून देणारे. दोघांनी मिळून लंब्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत ते इंजिन उतरवलं, सुटं केलं आणि आठवड्याभराच्या खटाटोपानं पुन्हा बांधलं. उस्तादांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं ते पहिलं इंजिन. ते पहिल्यांदा चालू झालं तेव्हा लंब्यानं त्यांना उचलून टेम्पोच्या टपावर बसवलं होतं.

आता ते इंजिन ठोकत होतं. जड, संथ ठोका होता तो. रांगेतले चार-पाच जण कामं टाकून जमले, कारण कानाचा निकाल ऐकायला अजून लोक जमत. पंक्चरवाला होता, बॅटरीवाला होता, पलीकडचा रंगारी होता. लंब्या बंपरला टेकून उभा राहिला.

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ जबड्यावर घेतली, डोळे मिटले. ठोका दाताच्या मुळापर्यंत पोचत होता. पण येत कुठून होता? त्यांनी टोक खाली नेलं, मागं नेलं, पुढं नेलं. लोखंडाला काय, ते सगळीकडे सारखंच थरथरत होतं. पूर्वी अशा वेळी आवाज त्यांना बोट धरून घेऊन जायचा. आता कोणी हात धरायला नव्हतं. मिटल्या डोळ्यांआड त्यांना रडू यायला लागलं आणि ते तसेच वाकून राहिले.

मग डोकं चालवायला लागले. ठोका जड आहे, म्हणजे खालचा असणार. खालचा म्हणजे क्रँकचं, इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, बेअरिंग. गाडी जुनी, तेव्हा बेअरिंग गेलं असेल तर क्रँकही खाल्ला असेल. आता दोनच वाटा उरत होत्या. एक, इंजिन पुन्हा बांधायचं: सगळं उघडायचं, क्रँक घासून आणायचा, बेअरिंगं नवी टाकायची. दुसरी, हे इंजिन जसंच्या तसं उतरवून भंगारबाजारात द्यायचं आणि तिथून बदल्यात दुसरं तयार इंजिन आणून बसवायचं. ब्लॉकमधली सिलिंडरची भोकं झिजेपायी पूर्वी दोनदा कापून मोठी केलेली, त्यामुळे बदलण्याच्या बाजूनं बोलायला जागा होती. पण आधी खालचा तेलाचा डबा उघडून बेअरिंग डोळ्यांनी बघायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. कुठलाही मेकॅनिक तेच करेल.

ते वळून म्हणणार होते, 'खालून उघडून बघू.' समोर पंक्चरवाला उभा होता, बॅटरीवाला उभा होता. कान आता उघडून बघायला लागला, ही बातमी चहा थंड व्हायच्या आत रांगेच्या त्या टोकाला पोचली असती. आणि आणखी एक विचार त्यांच्या मनात आला, जो पुढे त्यांना फार छळणार होता. इंजिन बांधायचं म्हटलं तर ते इथेच, या सगळ्यांच्या नजरेसमोर उघडावं लागेल, आणि निकाल चुकला असेल तर तो टेबलावर मांडलेला दिसेल. बदलायचं म्हटलं तर ते बंदच्या बंद जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"खालचं बेअरिंग गेलंय," उस्ताद म्हणाले. "क्रँक खाल्लाय. बांधण्यात राम नाही आता. बदल."

लंब्या त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "बांधता नाही येणार? तू आणि मी बांधलेलं आहे रे ते."

"बांधून पैसे घालवशील. बदल."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

लंब्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "नाही बाबा," तो म्हणाला. "तू सांगतोस म्हणजे तसंच असणार. बदल."

साखळीला लटकवून इंजिन बाहेर काढलं तेव्हा लंब्यानं त्याच्यावर एकदा हात फिरवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. संध्याकाळच्या आत ते भंगारबाजाराच्या गाडीत चढलं. बदल्यात आलेलं इंजिन दिसायला स्वच्छ होतं, पण चढाला लागलं की धापा टाकायचं आणि तेल प्यायचं. लंब्या आधी दर पंधरवड्याला यायचा, मग महिन्यानं, मग यायचाच थांबला. उस्तादांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पावसाळा संपता संपता उस्ताद एका गिअरबॉक्ससाठी भंगारबाजारात गेले. तो बाजार त्यांना अलीकडे आवडायला लागला होता, कारण तिथं हातोड्यांच्या गोंगाटात सगळेच ओरडून बोलतात आणि बहिऱ्याला चारचौघांसारखं वाटतं. भंगारवाल्यानं त्यांना बघितलं आणि लांबूनच हात जोडले.

"उस्ताद, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येवो. ते टेम्पोचं इंजिन दिलंत ना, सोनं निघालं सोनं."

"कुठलं?"

"तेच हो, ठोकणारं. क्रँकच्या टोकावरची पुढची पुली ढिली झाली होती नुसती. पुली बदलली, ठोका बंद. तरी म्हटलं, उस्तादांनी काढून टाकलंय म्हणजे आत काहीतरी असणार, म्हणून खालून उघडून पाहिलं. बेअरिंगं आरशासारखी. क्रँकवर ओरखडा नाही. काय बांधलंय हो कोणी! आठवड्यात गेलं. लांब कुठं तरी पाण्याच्या पंपाला जोडलंय म्हणे, दिवसभर चालतं." मग त्यानं डोळा मिचकावला. "आम्हाला काय, आम्ही विचारत नाही कोण का विकतो ते."

उस्तादांना त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. आला नसता तर बरं झालं असतं.

गिअरबॉक्स न घेताच ते घरी आले. बायकोनं पाणी दिलं. ते हातात धरून त्यांनी तिला सगळं सांगितलं, पुलीचं, बेअरिंगचं आणि आपल्या मनात आलेल्या त्या विचाराचंही. शेवटी ती त्यांच्यासमोर बसली आणि स्वच्छ, सावकाश म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांगा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी उस्ताद लंब्याच्या गल्लीत शिरले. मनाशी ठरवून आले होते की आत्ताचं इंजिन उतरवायचं आणि आपल्या खर्चानं, आपल्या हातानं असं बांधून द्यायचं की लंब्याला मरेपर्यंत पुरेल. दारासमोर टेम्पो नव्हता. त्याच्या जागेवर तेलाचा मोठा काळा डाग होता आणि त्यावर लंब्याच्या बायकोनं, वहिनींनी, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांचा स्टँड उभा केला होता.

"या भावजी," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. "किती दिवसांनी! चहा टाकते."

खोली लहान होती. एका भिंतीला पलंग, समोर दोन खुर्च्या, मधल्या दारापलीकडे ओटा. दार आणि खिडकी दोन्ही गल्लीवर उघडत होती आणि गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातली बाई धान्य निवडत बसली होती तिचे दाणे मोजता आले असते. लंब्या पलंगावर बसला होता. त्याच्या अंगात पहारेकऱ्याचा निळा शर्ट होता.

"टेम्पो?" उस्तादांनी विचारलं.

"विकला." लंब्यानं शर्टाकडे बोट दाखवलं. "गोदामावर लागलो. बसून पगार. बरं आहे."

वहिनी चहाचे कप देऊन बिस्किटं काढायला आत गेल्या. उस्तादांनी ठरवून आणलेलं सगळं तिथेच गळून पडलं. उरलं ते एकच, आणि ते त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं. इंजिन चांगलं होतं. पुली ढिली होती. मला कळलं नाही, आणि कळत नाहीये हे दिसू नये म्हणून मी बदलायला सांगितलं.

त्यांनी वर पाहिलं तेव्हा लंब्याही बोलत होता. त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात, कपातल्या चहाकडे बघत, हनुवटी छातीला लावून. ओठ दिसत नव्हते. अशा वेळी काय करायचं ते उस्तादांच्या अंगवळणी पडलं होतं: मान हलवायची, माणूस हसला तर हसायचं, थांबला तर 'खरंय' म्हणायचं. त्यांची मान हलायला लागलीसुद्धा. मग ती थांबली.

"मला ऐकू येत नाही रे," उस्ताद म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. "मोठ्यानं सांग."

लंब्या उठला, दार लावायला गेला.

"राहू दे उघडं."

"गल्ली ऐकेल."

"ऐकू दे."

लंब्यानं दारावरचा हात काढला. तो परत आला, उस्तादांच्या समोर उभा राहिला आणि कधी न चढवलेला आवाज त्यानं चढवला. "मला माहीत होतं!" तो ओरडला. "पुली ढिली आहे ते मला आधीच माहीत होतं! वाटेत एकानं दाखवली होती!"

समोरच्या बाईचा हात सुपात थांबला.

"मग टेम्पो माझ्याकडे कशाला आणलास?"

"लोक म्हणायला लागले होते कान गेला म्हणून! म्हटलं सोपं काम आहे, तुला नक्की कळेल. चार लोकांत बरोबर सांगशील, सगळ्यांची तोंडं बंद होतील!"

"आणि मी चुकलो तेव्हा? तेव्हा का नाही बोललास?"

"त्या चार लोकांसमोर?" लंब्याचा आवाज फाटला. त्याला ओरडायची सवयच नव्हती. "तिथं मी पुली दाखवली असती तर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात कुत्रं तरी आलं असतं का? नुसतं इंजिनच होतं ते. म्हटलं जाऊ दे."

उस्तादांनी लंब्याचा हात धरला आणि ते रडायला लागले, चारचौघांत कधी रडले नव्हते तसे, आवाज किती मोठा होतोय ते न कळून. लंब्याही डोळे पुसत होता. गल्लीतली माणसं आता उघड उघड दाराकडे बघत होती.

मधल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात बिस्किटांची ताटली होती. इतके दिवस त्यांना एवढंच ठाऊक होतं की इंजिन कामातून गेलं होतं, फुटक्या नशिबानं बदललेलंही वाईट निघालं, आणि घरादाराला पोसणारा टेम्पो विकण्यावाचून इलाज उरला नाही. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या अंगातल्या निळ्या शर्टाकडे, मग उस्तादांकडे. ताटली त्यांनी ओट्यावर परत ठेवली आणि त्या काहीतरी बोलल्या. फार नाही, एखादंच वाक्य असेल.

उस्तादांना ते ऐकू आलं नाही. "काय म्हणाल्या वहिनी?" त्यांनी लंब्याला विचारलं.

लंब्या खाली बघत राहिला.

"मोठ्यानं सांग ना."

लंब्यानं ते सांगितलं नाही. त्यानं जाऊन दार लावून घेतलं.